हिरवा दिवा लागला, झोपा आता!

इलॅस्टिकसर्चच्या क्लस्टरवर मॉनिटरिंगचं प्लगइन बसवायचं आणि हिरवा दिवा दिसला की चहाला पळायचं. मंडळी, हे मॉनिटरिंग नाही, मनाची समजूत आहे.

हिरवा म्हणजे काय? सगळे शार्ड आणि त्यांच्या प्रती कुठल्यातरी नोडवर जागेवर आहेत. बस्स, एवढंच! डीफॉल्ट सेटिंगमध्ये डिस्क ९५ टक्के भरली (फार मोठी असेल तर जरा उशिरा) की त्या नोडवरच्या इंडेक्समध्ये लिहिणं बंद होतं. गिऱ्हाइकाची ऑर्डर आत जात नाही, आणि दिवा? हिरवाच! सर्चची रांग तुंबून रिक्वेस्ट परत जातायत, तरी हिरवाच.

मग 'रिजेक्टेड'चा आकडा घ्या की राव. तोही कच्चा नको, कारण ती नोड सुरू झाल्यापासूनची बेरीज असते. दोन वेळच्या आकड्यांतला फरक काढा. रीस्टार्टनंतर मोजणी शून्यापासून, हेही ध्यानात ठेवा.

आणि ते महाभाग, जे प्रत्येक नोडवरून अख्ख्या क्लस्टरचा हिशेब मागवतात! दहा नोड, म्हणजे दर फेरीला शंभर नोडांचे आकडे. टेलिग्राफमध्ये 'लोकल' सेटिंग मुळात चालूच असते हो, हे लोक ती हौसेने बंद करतात.