स्वस्तात मिळतेय म्हणून?



आज जरा भांडायला बसले आहे. भांडण कुणा एकाशी नाही, आपल्या घराघरांत रोज बोलल्या जाणाऱ्या एका वाक्याशी आहे: "स्वस्तात मिळतंय, घेऊन टाक."

झालं असं. माझा पुतण्या मंचरला राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला जातो. मागच्या रविवारी तो नारायणगावला आमच्याकडे आला, जेवला आणि पान वाढायच्या आधीपासून हातात धरून ठेवलेला मोबाईल माझ्यापुढे केला. "मोठी आई, बघ ना." फोटोत लालभडक गाडी होती. पुढे झुकून बसायची, अंगभर प्लास्टिकचं कवच असलेली. ह्योसंग जीटी २५० आर, २०१३ ची. मालक पुण्याचा, किंमत पंच्याण्णव हजार. नवी होती तेव्हा अडीच लाखांहून जास्त मोजावे लागत. पन्नास हजार त्याने साठवलेले, पंचेचाळीस माझ्याकडून हवे होते.

घरात लगेच दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणाल्या, "बाईक म्हणजे मरण, नकोच." दीर म्हणाले, "अडीच लाखांची वस्तू लाखाच्या आत मिळतेय, सोडू नये." मला दोन्ही पटलं नाही. मरणाची भीती घालून तरुण मुलाला काही समजत नाही. आणि दिरांचं म्हणणं ऐकून माझ्यातली बी.कॉम. झालेली बाई जागी झाली. भाव एवढा पडला आहे तर तो का पडला, हे आधी विचारायला नको का?

मुलाच्या आवडीची मी टिंगल करणार नाही. कॉलेजात असताना मी स्वतः लुना चालवलेली आहे. नगरच्या कायनेटिकची लुना १९७२ मध्ये आली आणि आमच्यासारख्या कितीतरी मुलींना तिने घराबाहेर काढलं. वाऱ्याचा आनंद मला माहीत आहे. पण लुना बंद पडली तर सायकल दुरुस्त करणाराही ती चालू करून द्यायचा. ती गाडी आमच्या ऐपतीत होती, आणि आमच्या गावातल्या मिस्त्रीच्या आवाक्यातही होती. वस्तू आपल्याला परवडते का, याचा अर्धा हिशोब या दुसऱ्या गोष्टीत असतो.

आता ह्योसंगचं बघा. कंपनी दक्षिण कोरियाची. आपल्याकडे तिला आधी कायनेटिकने आणलं, या शतकाच्या सुरुवातीला. मग २०११ च्या सुमारास वाईच्या गरवारे मोटर्सने. मग २०१२ मध्ये डीएसके मोटोव्हील्सने. त्याच डीएसकेने २०१५ मध्ये बेनेलीही आणली. पुढे काय झालं ते पुणे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. २०१७ मध्ये ठेवीदारांच्या तक्रारींवरून डीएसके समूहाच्या प्रमुखांवर गुन्हा दाखल झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना अटक झाली. त्यानंतर २०१८ मध्येच ह्योसंग पुन्हा कायनेटिकच्या मोटोरॉयलकडे गेली आणि बेनेली हैदराबादच्या महावीर ग्रुपच्या आदीश्वर ऑटो राइडकडे. (ही दोन नावं वाचून माझे हात आपोआप जोडले गेले, पण सुटा भाग कपाटात आहे की नाही ते नावावरून कळत नाही.) एका लेकराला चार वेळा दत्तक दिल्यासारखं झालं. लेकराचा दोष नाही. कोरियातल्या इंजिनाला मी काय नावं ठेवणार? पण पालक बदलला की जुने कागद, जुना साठा, शिकलेले मिस्त्री, सगळं मध्ये कुठेतरी सांडतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. गाडी घेताना आपण लोखंड आणि प्लास्टिक घेतोच, पण तिच्यामागे कोण उभं आहे तेही घेत असतो. मागचा माणूस निघून गेला की भाव पडतो. पडलेला भाव ही सवलत नसते, ती पुढच्या खर्चाची आगाऊ सूचना असते.

मी वही काढली आणि त्याला शेजारी बसवलं.

पहिलं, रोजचं जाणं-येणं. मंचर ते चाकण, येऊन-जाऊन साठ किलोमीटर धरू. महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे दीड हजार किलोमीटर. मालकच सांगतो, लिटरला पंचवीस देते. म्हणजे साठ लिटर. साधी गाडी लिटरला पन्नास देते, तिला तीस लिटर पुरतं. पेट्रोल शंभराच्या वर आहे. फरक महिन्याला तीन हजारांहून जास्त, वर्षाला छत्तीस हजारांच्या पुढे.

दुसरं, विमा. १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा नुसता तृतीय पक्षाचा हप्ता १३६६ रुपये, वर जीएसटी. तो काही फार नाही. पण त्यात आपल्या गाडीचं एक पैशाचं नुकसान भरून मिळत नाही. पूर्ण विमा घ्यायचा म्हटलं, तर पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत ठरलेल्या तक्त्याने निघत नाही, विमा कंपनी आणि आपण मिळून ठरवायची. आणि दावा मंजूर झाला तरी प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात. या गाडीचं सगळं बाहेरचं अंग प्लास्टिकचंच आहे! उभी गाडी एका बाजूला पडली तरी अर्धा खर्च आपल्या खिशातून. तोही ते कवच मिळालं तर.

तिसरं, दुरुस्ती. आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. तो प्रामाणिक माणूस आहे. म्हणाला, "काकी, टायर, चेनसेट, बॅटरी, ब्रेकपॅड बदलून देतो, पंचवीस हजार धरा. इंजिन उघडायलाही घाबरत नाही. पण उघडल्यावर गॅस्केट कुठून आणू?" हे शेवटचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं.

चौथं, कागद. गाडी तीन हातांतून गेलेली, पण नोंदणी अजून पहिल्याच मालकाच्या नावावर. विकणारा म्हणतो, "नाव नंतर चढवू." मैत्रिणींनो, इथे तरी थांबा. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर. म्हणजे आमच्या मुलाच्या हातून काही झालं, तर ज्याने कधीच गाडी विकून टाकली असा परका माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढणार. आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घेतला नाही, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावाही उभा राहत नाही. वर २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपट्टी लावायची, आणि २०२८ मध्ये पंधरा वर्षं भरली की पुन्हा तपासणी, पुन्हा नोंदणी.

पाचवं मी शेवटी लिहिलं, कारण ते पैशांचं नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जागच्या जागी लॉक होऊन घसरू नये, ही ती सोय. २०१३ च्या या गाडीत ती नाही. आणि रस्ता कोणता? आपला पुणे-नाशिक. गळीत हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, पहाटे नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन सुटलेल्या पिकअप, आणि उसातून अचानक रस्त्यावर येणारा बिबट्या. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

याच रस्त्याच्या कडेने आपल्या साध्वीजी अनवाणी विहार करतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही सात-आठ जणी त्यांच्याबरोबर नारायणगावहून कळंबपर्यंत चाललो, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं घालून. अंधार होता. मागून एक तसलीच गाडी किंचाळत आली आणि हातभर अंतरावरून गेली. साध्वीजी काही बोलल्या नाहीत. आम्ही सगळ्या मात्र त्या मुलाच्या आईबापांना दोष देत राहिलो. आता तेच आईबाप व्हायची वेळ माझ्यावर आली होती. पहाटे विहारसेवा करायची आणि दुपारी अशा गाडीला पंचेचाळीस हजार द्यायचे, हे मला जमणार नाही.

अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान सांगितलं आहे, म्हणजे हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. पूर्वी त्यात शस्त्र, विष, अग्नी मोजत. गाडी हे शस्त्र आहे असं मी म्हणत नाही. पण लांबच्या वेगाचं कुठलंही शिक्षण नसलेल्या मुलाला एबीएस नसलेली, भाग न मिळणारी वेगवान गाडी देणं याला दुसरं काय म्हणायचं?

पुतण्या हुशार आहे. त्याने माझंच शस्त्र माझ्यावर उगारलं. "मोठी आई, तूच म्हणतेस ना, नवं कशाला, जुनं वापरावं? मग जुनी गाडी घेणं हा अपरिग्रहच की!"

प्रश्न खरा होता, म्हणून मी रात्रभर विचार केला. माझं शिलाई मशीन चाळीस वर्षांचं आहे. सुई मिळते, पट्टा मिळतो, तेल घातलं की चालतं. जुनं वापरणं याला मी म्हणते. ज्या जुन्या वस्तूचा भाग मिळत नाही, ती वापरता येत नाही, फक्त बाळगता येते. अशा गाड्यांचे शौकीन काय करतात ते त्यानेच मला सांगितलं होतं: सुट्या भागांसाठी तशीच दुसरी बंद पडलेली गाडी विकत घेतात. शिवाय ती उभी असेल त्या दिवशी कामावर जायला साधी गाडी लागतेच. म्हणजे एका गाडीच्या जागी तीन! चौदा नियमांत "वाहन" हा एक नियम आहे. आज किती वाहनांत बसेन ते मी रोज सकाळी ठरवते, बहुतेक दिवशी एक, कधी दोन. अंगणात तीन उभ्या करून अपरिग्रहाचं नाव घेऊ नये.

हे सगळं त्याला सांगताना मला माझीच लाज वाटत होती, कारण ही शिकवण त्याला आपणच दिली आहे. आपण व्यापाऱ्यांची घरं. स्वस्तात घेतलं की आपल्याला कमावल्यासारखं वाटतं. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी दीड टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून एका पतसंस्थेत पैसे ठेवले. मुद्दलही परत आलं नाही. वाणिज्य शाखेची पदवी कपाटात होती आणि मी एकदाही विचारलं नाही की हे जास्त का देतात. जास्त व्याज आणि पडलेली किंमत, दोन्ही गळाला लावलेली गांडुळंच. मासा कोण होतो ते नंतर कळतं.

मग अशी गाडी कुणीच घेऊ नये का? घ्यावी. ज्याच्या जवळ त्या गाडीचा जाणकार मिस्त्री आहे, कामाला जायला दुसरं वाहन आहे, कागद आपल्या नावावर करूनच जो पैसे देतो, आणि हे पैसे गेले तरी ज्याची झोप उडणार नाही, त्याने शौक म्हणून जरूर घ्यावी. शौक हा शौकाच्या खात्यातच लिहावा. तो बचतीच्या खात्यात लिहिला की हिशोब खोटा होतो. आमच्या मुलाकडे यातलं एकही नव्हतं.

मी त्याला पंचेचाळीस हजार नाही म्हणाले. सांगितलं, हेच पैसे एबीएस असलेल्या, मंचरमध्ये दुरुस्त होणाऱ्या गाडीसाठी देते. त्याच्या कारखान्याच्या आसपासच तशा गाड्या बनतात. त्याला वेगच हवा असेल, तर केटीएमसुद्धा चाकणलाच बनते. वर चांगलं हेल्मेट आणि हातमोजे माझ्याकडून.

तो काही न बोलता उठला. चार दिवस फोन नव्हता. काल रात्री मेसेज आला, "तुझ्या वहीतल्या पानाचा फोटो पाठव." कशासाठी ते मी विचारलं नाही. फोटो पाठवला. त्याने स्वतःच्या पैशांनी तीच गाडी घेतली, तरी मी त्याला शाप देणार नाही. आधी नाव चढव, मग चावी घे, एवढंच सांगेन.

तुमच्या घरीही कुणी मोबाईल पुढे करून "स्वस्तात मिळतेय" म्हणेल. गाडी असेल, फ्लॅट असेल, नाहीतर मशीन असेल. नाही म्हणायच्या आधी आणि हो म्हणायच्याही आधी वही काढा, त्याला शेजारी बसवा आणि पहिल्या ओळीवर लिहा: भाव का पडला?

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.