दगड कुणाच्या काचेवर बसला?

मागच्या महिन्यात वस्तीतल्या विहारात पांढरी चादर टांगून आपण ‘फॅन्ड्री’ पुन्हा दाखवला. पोरं, बाया, म्हातारे, सगळे दाटीवाटीनं बसले होते. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्याकडं आला आणि पडदा काळा झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाहेर टपरीवर चहा पिताना मी एकेकाला विचारलं, कसा वाटला? उत्तरं आली ती अशी : ‘भारी.’ ‘एक नंबर.’ ‘काटा आला अंगावर.’ ‘आपल्या माणसाचा हाय, बघायलाच पाहिजे.’

माझी आई मात्र अर्ध्यातच उठून गेली होती. घरी आल्यावर विचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, ‘गाव हसतं तवा कसं वाटतं ते मी जलमभर बघितलंय लेका. आता चादरीवर दाखवता, दाखवा. पण शिट्ट्या कशापाई मारता?’

तिला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितोय. राग आला तर येऊ द्या.

दोस्तांनो, ‘भारी’ हे मत नव्हे. ढेकर आहे. जेवण झालं, ढेकर दिली, पान खाल्लं, झोपलो. ‘आपल्या माणसाचा आहे’ हेही मत नव्हे. जातपंचायतीतला हात वर करणं आहे ते. ज्यांनी आपल्याला दोन हजार वर्षं न वाचताच नापास केलं, त्यांच्याविरुद्ध आपण उभे आहोत. मग न बघताच पास करायची घाई आपल्याला कशाला?

जरा मागं जाऊन बघू.

१९३६ साली बॉम्बे टॉकीजनं ‘अछूत कन्या’ काढला. दिग्दर्शक जर्मन, फ्रान्झ ऑस्टेन. देविका राणी अस्पृश्याची पोर, अशोककुमार ब्राह्मणाचा पोरगा. प्रेम होतं, लग्न होत नाही आणि शेवटी पोरगी रेल्वेखाली मरते. लोक रडले, पिक्चर चालला. ज्या साली बाबासाहेबांनी ‘जातिव्यवस्थेचे निर्मूलन’ छापलं, त्याच साली पडद्यावर आपली पोर रुळावर मेली आणि जात जिवंत राहिली.

मग १९५९. बिमल रॉयचा ‘सुजाता’. हितं पोर मरत नाही, ही प्रगती. पण जगायची किंमत काय? पाळणाऱ्या आईचा जीव धोक्यात येतो, सगळ्यांचं रक्त तपासतात आणि जुळतं ते सुजाताचं. ती रक्त देते, मग आई तिला पोटची म्हणते. म्हणजे माणूस ठरायचं तर आधी बाटली भरून रक्त द्या! नूतननं काम जीव तोडून केलंय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या हिशोबाबद्दल आहे. जिनं रक्त घेतलं तिला कुणी विचारलं का, बाई, इतकी वर्षं तुझं काय तपासायचं राहिलं होतं?

पुढं समांतर सिनेमा आला. शिकलेल्यांचा, दाढीवाल्यांचा, जाणिवेचा. १९७४ चा बेनेगलांचा ‘अंकुर’. जमीनदाराचा पोरगा, खालच्या जातीची मोलकरीण, तिचा मुकाबहिरा नवरा. १९८० चा निहलानींचा ‘आक्रोश’. आरोपी आदिवासी लहान्या भिकू, तोंडातून शब्द काढत नाही. शेवटी ओरडतो, पण कुऱ्हाड पडते ती त्याच्याच बहिणीवर. १९८१ ची सत्यजित राय यांची ‘सद्गती’, प्रेमचंदांच्या कथेवरची. दुखी बामणाची लाकडं फोडता फोडता मरतो आणि पायाला दोर बांधून त्याला ढोरासारखं ओढत नेतात.

ही कामं मोठी आहेत. खोटी नाहीत. पण ओळीनं मांडून बघा. एक मुका, एक गप्प, एक मेलेला. ज्या महाराष्ट्रात १९७२ साली पँथर गुरगुरला, भिंती रंगल्या, कविता पेटल्या, त्याच काळात पडद्यावरच्या आपल्या माणसाला बोलता येत नव्हतं. आपण बोलत नव्हतो असं नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं. मुके आपण नव्हतो, बहिरे ते होते.

आणि आपण त्या वेळी काय बघत होतो? अमिताभ. खोटं कशाला बोला. ‘जंजीर’ १९७३, ‘दीवार’ १९७५. आमच्या बापानं पगाराच्या दिवशी रांगेत उभं राहून बघितले. तो विजय चिडायचा, मारायचा, आपल्याला वाटायचं हा आपलाच राग. पण त्या विजयचं आडनाव कधी ऐकलंत? एकात खन्ना, दुसऱ्यात वर्मा. राग आपला, आडनाव त्यांचं. २०२२ साली ‘झुंड’मध्ये नागराजनं त्याच अमिताभला नागपूरच्या झोपडपट्टीत आणलं आणि जयंतीच्या दिवशी बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं केलं. जवळपास पन्नास वर्षं लागली राव.

आता दगडाकडं येतो.

‘अंकुर’च्या शेवटी एक बारका पोरगा जमीनदाराच्या घरावर दगड मारतो. काच फुटते, पिक्चर संपतो. शहरातल्या प्रेक्षकानं टाळ्या वाजवल्या, कारण काच जमीनदाराची फुटली, त्याची नाही. तो सुरक्षित घरी गेला. ‘फॅन्ड्री’ २०१३ चा. कैकाड्याचा जब्या त्याच्या मागं लागलेल्या, हसणाऱ्या गावावर दगड उचलतो आणि तो दगड येतो बघणाऱ्याच्या तोंडावर. काच कुणाची? तुझी, माझी, तिकीट काढून बसलेल्या सगळ्यांची.

आणि हितं माझ्या आईचा प्रश्न. दगड तोंडावर येत असताना आपण शिट्टी कशी मारली? आपण धरून चाललो की तो दुसऱ्या कुणाला लागणार. वरच्यांना. पण गड्यांनो, जब्या कैकाडी आहे. आपल्या वस्तीच्या टोकाला कैकाड्यांची, वडारांची, पारध्यांची पालं आहेत. जयंतीच्या वर्गणीला आपण तिकडं जातो, लग्नाच्या पंगतीला बोलावतो का? मेलेलं डुक्कर काठीला बांधून जब्याचं घर शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या चित्रासमोरून जातं. ते चित्र बघून आपण ‘जय भीम’ ओरडलो. नागराजनं ते चित्र ओरडायला लावलं नव्हतं, मान खाली घालायला लावलं होतं. फोटो दिसला की शिट्टी मारायची सवय मोडा. फोटो भिंतीवर असून डुक्कर कुणाच्या खांद्यावर आहे ते बघा.

तिसरा दगड ‘कर्णन’मधला. २०२१, मारी सेल्वराज, तमिळ. गावाला बस थांबत नाही. थांबा मागितला तर शेजारच्या जातवाल्या गावाची दादागिरी. पोटुशी बाई रस्त्यावर उभी, बस तशीच निघून जाते आणि तिचा बारका पोरगा दगड मारतो. काच फुटते. पण पिक्चर हितं संपत नाही, हितून पेटतो. सगळं गाव त्या दगडाच्या मागं उभं राहतं, पोलीस येतात, मार खातात, मार देतात. ‘अंकुर’मध्ये दगड म्हणजे शेवट, ‘कर्णन’मध्ये दगड म्हणजे सुरुवात. सत्तेचाळीस वर्षांतला फरक एवढाच आहे, पण तो फरक आपल्या माणसांनी केलाय. कॅमेरा हातात घेऊन.

आता अलीकडं पाहिलेल्यांबद्दल रोखठोक सांगतो.

‘आर्टिकल १५’, २०१९. गोरा बामण अधिकारी खेड्यात येतो आणि आपल्याला राज्यघटना समजावतो. घटना लिहिली कुणी, शिकवतोय कोण? चळवळीतला निषाद गोळी खाऊन मरतो, साहेब जिंकतो. हा पिक्चर वाईट नाही, पण तो त्यांच्या पोरांसाठी आहे. त्यांना जरूर दाखवा. विहारात नको.

‘जय भीम’, २०२१. नाव आपलं, खटला खरा, इरुलांवरचा पोलिसी जुलूम खरा, वकीलही खरा, पुढं मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झालेला. पण लढाई कुणाची? सेंगेनीची. पोटात पोर घेऊन ती तडजोडीचे पैसे नाकारते, पोलिसांच्या गाडीत बसत नाही, पायी चालते आणि गाडी तिच्या मागं येते. तो प्रसंग दहा वेळा बघा. वकिलाच्या भाषणावर टाळ्या एकदाच पुरे.

‘धडक’, २०१८. ‘सैराट’मधली जात ओठावर आणली आणि परत गिळली. राहिलं काय? गाणी. मग २०२५ मध्ये ‘धडक २’, मारी सेल्वराजच्याच ‘परियेरुम पेरुमाळ’वरून. हितं जात बोलली आहे, हे कबूल केलं पाहिजे. पण मूळ बघा. शेवटी टेबलावर चहाचे दोन ग्लास, एक काळा, एक दुधाचा आणि मध्ये एक फूल. भाषण नाही, मिठी नाही, खोटी समेट नाही. दोन ग्लासांत आख्खा गावगाडा मांडलाय. दोन ग्लास काय असतात ते आपल्याला सांगायला नको.

‘फुले’, २०२५. जोतिबा-सावित्रीवरचा. ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला येणार होता, ओरड झाली आणि २५ एप्रिलला आला. सेन्सॉरनं महार, मांग, पेशवाई या शब्दांवर बोट ठेवलं. च्यायला, जातीच्या दाखल्यावर हाच शब्द चालतो, त्यावर सरकारी शिक्का बसतो, शाळेच्या हजेरीत चालतो, शिवी म्हणून चौकात चालतो. पडद्यावर तेवढा चालत नाही! पिक्चर म्हणून तो मला मवाळ वाटला, पाठ्यपुस्तकासारखा. पण मवाळ पिक्चरलासुद्धा ते भितात, हे ध्यानात ठेवा.

आणि ‘होमबाउंड’, २०२५. नीरज घायवानचा. २०२० च्या टाळेबंदीत सुरतेहून गावाकडं निघालेल्या दोन मित्रांच्या खऱ्या हकिकतीवरून. एक दलित, एक मुसलमान. कुणी म्हणेल, पुन्हा आपलाच पोरगा मेला की! हो, मेला. पण ‘अछूत कन्या’तली पोर गोष्ट मिटवायला मारली, हा चंदन गोष्ट उघडी ठेवून मरतो. शिवाय मेल्यानं मी हाललो नाही. हाललो ते आधीच. चंदन आडनाव सांगत नाही. ‘चंदन कुमार’ म्हणून थांबतो. पोलीस भरतीच्या अर्जात राखीव रकाना सोडून खुल्यावर खूण करतो.

तिथं मला घाम फुटला. पुण्यात खोली शोधत होतो तेव्हाची गोष्ट. मालकानं विचारलं, ‘पूर्ण नाव?’ मी माझं नाव आणि बापाचं नाव सांगितलं आणि थांबलो. तो म्हणाला, ‘पुढं?’ मी म्हटलं, ‘एवढंच लावतो.’ खोली मिळाली. आठ महिने राहिलो. आठ महिने भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला नाही, ट्रंकेत ठेवला. मोर्च्यात ‘जय भीम’ घसा फोडून ओरडायचो आणि जिन्यात फोनवर दबक्या आवाजात. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. चादरीवर चंदन गप्प बसला आणि माझी ट्रंक उघडली.

याला म्हणतात पिक्चर बघणं. दुसऱ्याला शिव्या घालायला तर कुठलाही पिक्चर पुरतो.

आता आपल्यातल्या दोन पार्ट्यांशी भांडतो. एक म्हणते, सिनेमा म्हणजे अफू, वेळ घालवू नका, रस्त्यावर उतरा. बाबांनो, रस्त्यावर उतरलेल्यांचाच सिनेमा आहे की! ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. शाहीर विलास घोगरेनं त्यानंतर गळफास घेतला. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं त्यामागं घालवून ‘जय भीम कॉम्रेड’ केला. त्यातली गाणी, त्यातल्या बाया कुठल्या पेपरात होत्या? ‘कोर्ट’मध्ये शाहीर नारायण कांबळे झालेला वीरा साथीदार हा नाटकातला नट नव्हता, नागपूरचा कार्यकर्ता, ‘विद्रोही’चा संपादक. २०२१ साली कोरोनात गेला. अफू असली असती तर त्यानं तोंड लावलं असतं का?

दुसरी पार्टी म्हणते, आपलं काहीतरी दाखवतात ना, मग टीका नको. ही तर भाकरतुकड्याची भाषा झाली. ‘काला’मध्ये जीपच्या नंबरात बीआर १९५६ दिसलं म्हणून आपण नाचलो. ठीक आहे, नाचा. पण काला विचारतो की जमीन कुणाची, ते ऐकलं का? आपली वस्ती बिल्डरला देताना अंगठा कुणी उठवला, ते आठवलं का?

म्हणून माझी शिफारस अशी. आधी ‘कर्णन’, मग ‘परियेरुम पेरुमाळ’, मग ‘कोर्ट’, ‘होमबाउंड’ आणि शेवटी ‘जय भीम कॉम्रेड’. तमिळ कळत नाही म्हणू नका, आपल्यातला एक जण बाजूला उभा राहून मराठीत सांगेल. प्रत्येक पिक्चरनंतर चार प्रश्न : बोलतं कोण? मरतं कोण, आणि कशासाठी? दगड कुणाला लागला? आणि यातलं काय माझ्या घरात चालू आहे? पहिल्यांदा बाया बोलतील, मग पालावरची माणसं, आणि सगळ्यात शेवटी आपण पुढारी. ‘भारी’ म्हणणाऱ्यानं चहाचे पैसे द्यायचे.

पुढच्या रविवारी ‘कर्णन’ आहे. आई म्हणाली, येते, पण शिट्टी वाजली तर उठून जाईन. कैकाडी आळीत बोलवायला मी जातोय, दोघंतिघं बरोबर चला. आणि चादर टांगायला जरा लवकर या, मागच्या वेळी एका कोपऱ्यात सारखी निसटत होती.