दाराआडून ऐकायचं किती दिवस?

‘तुमचं काय बाई, घरी बसून पगार!’ हे वाक्य ऐकलं नाही अशी घरून काम करणारी बाई आपल्याकडे सापडणं कठीण. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधल्या कितीतरी घरांत आता एखादी लेक किंवा सून आठवड्यातले दोन-तीन दिवस मुंबईला ऑफिसात जाते आणि उरलेले दिवस घरूनच संगणकावर काम करते. तिला मिळालेली ही सोय मोठीच आहे. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटरच्या आसपास. लोकलनं एका बाजूलाच दीड तास मोडतो, शिवाय रिक्षाची रांग आणि डब्यातली रेटारेटी वेगळीच.

त्यातून आपला भाग पावसाळ्याचा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये करोनामुळे लोकल बंद झाली. सर्वसामान्य बायकांना ठरावीक वेळेत तिच्यात चढू दिलं ते २१ ऑक्टोबर २०२० पासून. त्या सात महिन्यांत साहेबलोकांना कळून चुकलं, की घरी बसूनही काम होतं.

पण काम घरी आलं, तरी मान आला का? खरी मेख आहे ती मीटिंगमध्ये. निम्मे लोक ऑफिसच्या टेबलाभोवती आणि निम्मे आपापल्या घरून पडद्यावर, अशा मीटिंगा आता रोजच्या झाल्यात. अशा नोकऱ्या करणाऱ्या मुलींशी बोलताना एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप ठेवलेला असतो. जवळच्याचं ऐकू येतं, लांबचे काय बोलतात ते कळत नाही. एखादा विनोद होतो, सगळे हसतात, ही नुसती बघत राहते. हिला काही सांगायचं असतं, पण तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. शेवटी साहेब विचारतात, ‘घरून कुणाला काही बोलायचंय का?’ तेव्हा सगळ्यांच्या खुर्च्या सरकायला लागलेल्या असतात. आणि खरा निर्णय? तो नंतर चहाच्या टपरीवर होतो. हिला दुसऱ्या दिवशी नुसतं कळवलं जातं.

बायांनो, हे चित्र ओळखीचं नाही का वाटत? बैठकीच्या खोलीत पुरुषमंडळी लग्नाची, जमिनीची बोलणी करायची आणि बायका माजघरातून दाराआड उभ्या राहून ऐकायच्या. त्या घरात होत्या, पण बोलण्यात नव्हत्या. आज त्या दाराच्या जागी पडदा आलाय, इतकंच.

नुसतं हजर राहिल्यानं बाईचा आवाज पोचत नाही, हे आपल्या कायद्याला कळलेलं आहे. म्हणून तर महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद झाली. नोकरीच्या बाबतीतही २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. कामाचं स्वरूप तसं असेल तर बाळंतपणाच्या रजेनंतर मालकाच्या संमतीनं घरून काम करण्याची वाट मोकळी झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. पण घरून काम करणारीला मीटिंगमध्ये बोलू कसं द्यायचं, हे कुठलाही कायदा सांगत नाही. ते ऑफिसनंच ठरवायला हवं.

आणि त्याला फार खर्चही नाही. मीटिंगचे विषय आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवा. माइक टेबलाच्या मधोमध ठेवा आणि एका वेळी एकानंच बोला. पहिली पाळी घरून जोडलेल्यांना द्या, मग टेबलावरच्यांना. फळ्यावर काही लिहिलं, तर त्याचा फोटो लगेच ग्रुपवर टाका. मीटिंगनंतर गप्पांत काही नवीन ठरलं, तर ते सगळ्यांना विचारल्याशिवाय पक्कं धरू नका. काय ठरलं आणि कोण करणार, हे त्याच दिवशी चार ओळींत लिहून पाठवा. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती नको. एका खोलीच्या घरात मागे सासरे झोपलेले असतात, कधी वीज गेलेली असते. फोनवरून नुसतं ऐकणारी बाईसुद्धा मीटिंगमध्येच आहे, हे लक्षात ठेवा.

वेळेचंही तसंच. संध्याकाळी सहाला मीटिंग लावली, की ऑफिसातलीचं लक्ष सहा-चाळीसच्या गाडीकडे आणि घरातलीचं देवघरातल्या दिव्याकडे. अकरा ते चारच्या मध्ये मीटिंग घेतली तर दोघींचीही सोय होते. कारण ऑफिसला जाणारीचं दुःखही खरं आहे. ती धक्के खात पोचते आणि ऐन वेळचं प्रत्येक काम ‘तू समोर आहेस ना’ म्हणून तिच्याच गळ्यात पडतं. कामाची वाटणी सगळ्यांसमोर, मीटिंगमध्येच झाली, तर दोघींमधली ही आढी आपोआप कमी होईल.

थोडं आपल्याही हातात आहे. घरात सून मीटिंगमध्ये असली, की तेवढा तास दार लोटून घ्यावं, टीव्ही बारीक करावा, दारावर आलेल्या भाजीवाल्याशी आपण बोलावं. लेक ऑफिसात असती, तर आपण तिला मधेच हाक मारली असती का? आणि मुलींनो, तुम्हीही बोलायचं राहिलं म्हणून गप्प बसू नका. ‘मला यावर सांगायचंय’ एवढं लिहून टाका, नाहीतर सरळ मध्येच बोला. ऑफिसातले पुरुष काय परवानगी घेऊन बोलतात?

बढतीच्या वेळी साहेबाला आठवतं ते मीटिंगमध्ये बोललेलं माणूस. तिथं आपली मुलगी मुकी राहिली, तर घरून काम करण्याची किंमत ती पुढची दहा वर्षं मोजेल. आपल्या आज्यांनी दाराआड उभं राहून पुष्कळ ऐकलं. या मुलींना खुर्ची मिळाली आहे, मग ती घरातली असो की ऑफिसातली. तिच्यावर बसून त्यांना बोलताही आलं पाहिजे.