शिकवता शिकवता मी शिकले



पूर्वी लांबच्या वाटेवरचे घोडेस्वार आपल्या गावी थांबून थकलेले घोडे बदलीत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे जुनी माणसे सांगतात. या पावसाळ्यात याच गावच्या शाळेत माझ्यातही एक बदल झाला. तो कसा झाला ते सांगते आणि त्यावरून माझे जे मत झाले तेही मांडते. पटले तर घ्या. न पटले तर लेखाखाली कागद चिकटवून कळवा. भिंत सर्वांची आहे.

आपल्या शाळेत अध्यापक विद्यालयातल्या एक छात्राध्यापिका ताई आल्या होत्या. त्यांच्या या कामाला 'आंतरवासिता' म्हणतात. शब्द ऐकून आम्हा सातवीच्या मुलींना हसू आले. मग गुरुजींनी सांगितले, "पूर्वी गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्या शिष्याला अंतेवासी म्हणत. शिक्षक होणाऱ्याने शाळेतच राहून, पाहून, करून शिकायचे, ती आंतरवासिता." एवढे सांगून ते माझ्याकडे वळले. "तू शालेय मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री आहेस ना? मग तूही कर. तिसरीच्या वर्गावर बारा दिवस, रोज अर्धा तास. ताई मागे बसून बघतील."

मला फार आनंद झाला. शिक्षकदिनाला, ५ सप्टेंबरला, आपण आईची साडी नेसून एक दिवस बाई होतो. लहान मुले फुले देतात, फोटो निघतो आणि संध्याकाळी साडीची घडी होते. मला वाटले, हेही तसेच असणार, फक्त बारा दिवस! मी लाकडी पट्टी घेतली, नवा खडू घेतला आणि ऐटीत वर्गात गेले.

पहिली फजिती

पहिल्या दिवशी वजाबाकी होती. फळ्यावर लिहिले ५२ वजा ३८. मी घोकलेले सांगू लागले, "दोनातून आठ जात नाहीत, म्हणून पाचाकडून एक उसना घ्यायचा." तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "ताई, उसना घेतलेला परत कधी करायचा?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. तिचे काय चुकले? तिच्या घरी शेजारून वाटीभर साखर उसनी आणली, तर दुसऱ्या दिवशी परत द्यावीच लागते. मी म्हटलं, "गणितात परत करायचा नसतो." ती म्हणाली, "मग ती लबाडी झाली." मागे बसलेल्या ताई हसल्या, पण मदतीला उठल्या नाहीत. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटते, बरे झाले उठल्या नाहीत.

घरी येऊन झाडूच्या हिरांचे तुकडे केले आणि दहा-दहाचे पाच गठ्ठे बांधले. दोन सुटे ठेवले. आठ काढायचे तर सुटे दोनच. मग एक गठ्ठा सोडला. सुटे झाले बारा. बारातून आठ गेले, उरले चार. चार गठ्ठ्यांतून तीन गेले, उरला एक. उत्तर चौदा. इथे कोणी कोणाकडून उसने घेतलेच नाही! दुकानात आपण दहाची नोट मोडून सुटे घेतो, तसाच गठ्ठा मोडला. तिसरीपासून मी ही वजाबाकी बरोबर करत आले होते, पण ती मला समजली सातवीत, झाडूच्या हिरांवर.

आमच्या घरी पहिल्या आठवड्यात तक्रार झाली होती, "पोर शाळेत शिकायला जाते, मास्तरकी करायला नाही." अनेक पालकांना असे वाटत असेल. त्यांना माझे उत्तर हे हिराचे गठ्ठे आहेत. आपल्याला समजले की नाही, हे परीक्षेत पुरते कळत नाही. आपल्याहून लहान पोराने प्रश्न विचारला, की लगेच कळते.

दुसरी चूक, मोठी

ही सांगताना मला लाज वाटते, पण सांगितली नाही तर लेख खोटा होईल.

चौथ्या दिवशी वाचन होते. एका मुलाने 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचला. मी म्हटलं, "पानी नाही, पाणी. दहा वेळा म्हण." त्याने दहा वेळा 'पानी' म्हटले. वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसले, आणि मी हसले म्हणूनच वर्ग जास्त हसला. तो खाली बसला. त्यानंतर तीन दिवस तो बोलला नाही. हजेरीला नुसता हात वर करायचा. मला वाटले, हट्टी आहे. एकदा मी पट्टी बाकावर आपटलीसुद्धा.

त्याच संध्याकाळी आमची आजी भात निवडत बसली होती. म्हणाली, "पोरी, जरा पानी दे गो." मी तांब्या भरला आणि हातात धरून तशीच उभी राहिले. माझी आजी 'पानी' म्हणते. जन्मभर 'पानी' म्हणत तिने विहिरीवरून हंडे आणले, शेते लावली, आम्हाला वाढवले. तिला मी कधी दहा वेळा म्हणायला लावले होते? आपण हसे लोकाला अन् शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण मी भाषेच्या वहीत लिहिली होती. तिचा अर्थ त्या दिवशी तांब्यात दिसला.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना सगळे सांगितले. त्यांनी मला रागावले नाही. त्या म्हणाल्या, "२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारायला बंदी आहे, तशी त्याच्या मनाला त्रास द्यायलाही बंदी आहे. पण कायद्याचे राहू दे. तू त्याच्याकडून काही शिकलीस का?" मी गप्प. त्याच्याकडून काय शिकायचे, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

मी वर्गासमोर म्हटले, "परवा माझे चुकले. माझी आजीही पानी म्हणते. घरी पानी, पुस्तकात पाणी. दोन्ही आपलेच. पुस्तकातले वाचता यायला हवे, म्हणून ते शिकायचे." मग त्याला विचारले, "तुला सगळ्यात जास्त कशातलं कळतं?" तो बराच वेळ बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "चिंबोऱ्या." आणि काय सांगता! शेताच्या बांधावरच्या बिळाच्या तोंडाशी ताजा ओला चिखल असेल तर चिंबोरी आत आहे, सुकलेला असेल तर बीळ रिकामे, आणि नांगी चावू नये म्हणून पाठीमागून कशी धरायची, हे त्याने खडू हातात धरून करून दाखवले. त्या दिवशी तो शिक्षक होता आणि मी तिसरीत. त्याचेच शब्द मी फळ्यावर लिहिले आणि ते त्यानेच वाचले. तो अजून अडखळतच वाचतो. बारा दिवसांत जादू होत नाही. पण तो आता वाचायला उभा राहतो.

थोरांनी काय केले

गुरुजींनी मला सांगितले, की मोठ्या मुलाने लहानाला शिकवणे ही आपल्याकडे जुनी रीत आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवताना मोठी मुले लहानांचा हात धरीत आणि पाढ्यांचा परवचा पुढे होऊन म्हणवून घेत. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासला अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. तिथल्या देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. तीच रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली आणि १७९७ साली लंडनला तिच्यावर पुस्तक छापले. पुढे ती 'मद्रास पद्धत' म्हणून विलायतेत गेली. पण तिथे एका मास्तरवर शेकडो मुले सोपवून खर्च वाचवायला तिचा उपयोग झाला, अर्धे शिकलेली मुले अर्धेच शिकवू लागली, आणि ती मागे पडली. हेही लक्षात ठेवले पाहिजे.

सावित्रीबाई फुले यांना जोतीरावांनी घरी शिकवले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. शिकणारी मुलगीच शिकवणारी झाली.

आणि आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. हा भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. मुले गुरे चारायला जात, म्हणून शाळेत येत नसत. बाईंनी त्यांना आळशी म्हटले नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. लहान भावंडे सांभाळावी लागतात म्हणून मुली येत नव्हत्या, तर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र केली. मुलगा का येत नाही, का बोलत नाही, याचे कारण त्यांनी आधी शोधले. मी पट्टी आधी आपटली. एवढाच फरक, पण केवढा!

माझे मत

पहिले, शिकवण्याची संधी फक्त मंत्रिमंडळातल्या हुशार मुलांना मिळू नये. सहावी-सातवीतल्या प्रत्येकाला वर्षातून काही दिवस मिळावी. जो गणितात कच्चा आहे त्याला तर आधी मिळावी, कारण गठ्ठा सोडायची गरज त्यालाच जास्त आहे.

दुसरे, हे शिक्षकांऐवजी नसावे. मागे ताई बसल्या होत्या म्हणून माझी चूक चार दिवसांत सापडली. त्या नसत्या तर तो मुलगा वर्षभर गप्प राहिला असता आणि मी त्याला हट्टीच म्हटले असते. शिक्षक कमी आहेत म्हणून मुलांवर वर्ग सोडणे मला मान्य नाही.

तिसरे, आपल्या वर्गांत मॉनिटर म्हणजे बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा, असे झाले आहे. मीही दोन वर्षे तशीच नावे लिहिली. आता माझे म्हणणे आहे, की मॉनिटरने न बोलणाऱ्यांची नावे लिहावीत. फळ्यावर नव्हे, आपल्या वहीत. आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसावे.

पालकांना एक विनंती. आज शाळेत काय शिकलास, हे तुम्ही विचारता. त्याबरोबर आज कोणाला काय शिकवलेस, हेही विचारत जा. आणि तुमची घरची बोली मुलांसमोर बोलायला लाजू नका. आम्ही पुस्तकातली भाषाही शिकू आणि तुमचीही ठेवू.

बाराव्या दिवशी ताईंनी माझी टाचणवही पाहिली आणि शेवटच्या पानावर शेरा लिहायला मलाच सांगितले. मी लिहिले, "पट्टी परत केली." ती पट्टी आता तिसरीच्या कपाटात आहे. मुले तिने रेघा मारतात. पट्टीचे कामच ते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी