ऑईल काळं झालं म्हणजे बाद झालं? कोण म्हणलं?



हळदीचा नुसता रंग बघून व्यापाऱ्यानं भाव पाडला, तर आपण भांडतो. म्हणतो, "कुरकुमीन मोजा, मग बोला." बरोबरच आहे. पण तेच आपण ट्रॅक्टरची डिपस्टिक काढतो, बोटावर ऑईल घेतो अन् म्हणतो, "काळं पडलं, बदला." इथं कुठं गेलं आपलं मोजमाप?

गेल्या हंगामात एका मिस्त्रीच्या नादी लागून मी शंभर तासाच्या आतच चांगलं ऑईल सांडून दिलं. नवं टाकलं, तेही थोड्याच दिवसांत काळं! मग पुस्तिका उघडली. डिझेल इंजिनात काजळी होणारच. ती भिंतीला न चिकटू देता स्वतःत धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे. काळं होतंय म्हणजे ते काम करतंय.

उलट दुकानात सुटं मिळणारं सोनेरी, लालभडक ऑईल बघून आपण भुलतो. रंग तर डब्यात कोणीही घालील.

प्रयोगशाळेत रंग मोजतात, नाही असं नाही. एएसटीएम डी १५०० नावाची पद्धत आहे. ठरलेल्या उजेडात तेल काचेच्या रंगीत चकत्यांशी जुळवतात, अर्ध्या-अर्ध्या अंकानं, ०.५ पासून ८ पर्यंत. पण ती कारखान्यात माल एकसारखा निघतोय का, हे बघायला. रंगावरून दर्जा ठरवता येतोच असं नाही, हे ती पद्धतच सांगते. मग आपण बोटावर काय ठरवणार?

रंग कामाचा कुठं? रेशनचं रॉकेल निळं असतं, कारण भेसळ पकडायला तो रंग मुद्दाम घातलेला. अन् ऑईल दुधासारखं पांढुरकं झालं, तर पाणी शिरलंय. तिथं मात्र ट्रॅक्टर तिथल्या तिथं थांबवा.

बाकी मोजा. ऑईल तासाच्या मीटरवर बदला, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घ्या, सीलबंद घ्या, पावती घ्या. डिझेलवर शंका आली तर पंपावर घनता तपासून मागा. पाच लिटरचं माप मागा. तो आपला हक्क आहे, लाजायचं काहून?

केळी, हळद पिकवणारी डोंगरकड्याची माणसं आपण. पानाचा रंग बघून खत टाकायचं सोडून माती तपासायला शिकलो. आता इंजिनालाही तोच न्याय द्या.

तुमच्या मिस्त्रीचं काय म्हणणं? खाली लिहा. भांडू, पण मीटरचा आकडा घेऊन या.