श्रेष्ठ सारथ्यांची यादी : एक आक्षेप

यादी करणें हें एक निरुपद्रवी व्यसन आहे, असें आम्ही आजपर्यंत समजत होतों. श्रेष्ठ नाटकें दहा, श्रेष्ठ कादंबऱ्या पांच, श्रेष्ठ फलंदाज अकरा, अशा याद्या सुटीच्या दिवशीं जेवणानंतर ओसरीवर बसून करण्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, आणि पानदान रिकामें होईपर्यंत वेळ बरा जातो. परंतु ‘देशांतील सर्वश्रेष्ठ शर्यतचालक कोण’ या प्रश्नावर आमच्या यवतमाळांत तरुण मंडळींचा जो वाद अलीकडे वारंवार कानीं पडतो, तो ऐकतां ऐकतां आमचें हें मत पालटलें. या वादांत जीं नांवें घेतलीं जातात त्यांबद्दल आमची तक्रार नाहीं. जीं घेतलींच जात नाहींत, आणि घ्यावयाचीं म्हटलीं तरी घेतां येत नाहींत, त्यांबद्दल आहे.

प्रथम घेतलीं जाणारीं नांवें पाहूं. यादीच्या शिरोभागीं बहुधा नारायण कार्तिकेयन असतात. 2005 सालीं फॉर्म्युला वन शर्यतींत उतरलेले ते पहिले भारतीय, आणि त्या शर्यतींत गुण मिळविणारे आजपर्यंतचे एकमेव भारतीय. हे गुण पांच. ते कसे मिळाले हें मात्र आमच्या तरुण मित्रांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें. त्या वर्षींच्या जून महिन्यांत अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें एका कंपनीचे टायर तेथील उंच वळणावर धोक्याचे ठरले, आणि ते वापरणाऱ्या 14 गाड्या आरंभाची फेरी पुरी होतांच माघारी वळून आपापल्या ठाण्यांत जाऊन बसल्या. उरलेल्या 6 गाड्यांची शर्यत झाली व तींत कार्तिकेयन चौथे आले. हे पांच गुण धरले तर ते अद्वितीय ठरतात, वगळले तर त्यांच्या नांवावर शून्य उरतें. आणि मनुष्य तर दोन्ही हिशेबांत एकच! सहा गाड्यांच्या त्या शर्यतींतही गाडी शेवटपर्यंत नीट नेऊन पोंचविणें त्यांनाच करावें लागलें, हें आम्ही विसरत नाहीं. पण गुणांचा आंकडा हा चालकाच्या कर्तृत्वाचा आरसा आहे, असें म्हणणाऱ्यानें हा दिवस एकदां पुन्हां तपासून पाहावा.

दुसरें नांव करुण चांडोक यांचें. 2010 सालीं बहारीन येथें ते पहिल्या शर्यतीस आले तेव्हां त्यांची गाडी पुरती जुळलीही नव्हती. सरावाच्या फेऱ्या हुकल्या, आणि त्या गाडींत बसून ते प्रथम धांवले ते थेट पात्रतेच्या कसोटींतच. अशा गाडींतून कोणाचें श्रेष्ठत्व कसें सिद्ध व्हावें? त्यांनींच 2012 सालीं फ्रान्समधील ले मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत सहाव्या क्रमांकाच्या गाडींत आपला वांटा उचलला, परंतु याद्या करणारे तिकडे सहसा पाहत नाहींत. नंतर गौरव गिल येतात. आशिया-पॅसिफिक रॅलीचें अजिंक्यपद त्यांनीं 2013, 2016 व 2017 असें तीनदां मिळविलें, आणि 2019 सालीं मोटार-शर्यतींच्या क्षेत्रांतला पहिला अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. मुंबईचे जेहान दारुवाला यांनीं 2020 च्या डिसेंबरांत फॉर्म्युला टू मधील शर्यत जिंकली; तो मानही भारतीयांत पहिलाच.

या चौघांत क्रम लावण्याचा उद्योग ज्याला करावयाचा त्यानें खुशाल करावा. आम्हांला येथें एवढेंच दिसतें कीं, कार्तिकेयन यांचे वडील रॅलींत नांवाजलेले. चांडोक यांचे वडील तसेच, आणि आजोबा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकीं एक. यांत निंदेचें कांहीं नाहीं. गवयाच्या घरीं गवई निपजतो, वैद्याच्या घरीं वैद्य. पण मोटार-शर्यत हा असा धंदा आहे कीं, ज्याला लहानपणींच गाडी मिळाली नाहीं त्याच्या हातांत कसब होतें कीं नव्हतें, हें कळण्याचा मार्गच उरत नाहीं. म्हणून ही यादी ‘देशांतील श्रेष्ठ चालकांची’ म्हणण्याऐवजीं ‘ज्यांना गाडी मिळाली त्यांपैकीं श्रेष्ठांची’ म्हटली, तर आमचा निम्मा आक्षेप येथेंच मिटेल.

उरलेला निम्मा आमच्या जिल्ह्यांतला आहे. आमच्या जिल्ह्याचा वेगाशीं संबंध जोडला कीं बाहेरच्यांना हंसूं येतें. यवतमाळ ते मूर्तिजापूर या 113 किलोमीटरांच्या मार्गावरची आमची शकुंतला गाडी बंद पडेपर्यंत अशा बेतानें चालत असे कीं, वाटेंत उतरून चार बोरें वेंचून पुन्हां चढावें. परंतु याच मुलखांत कापसाची वेंचणी उरकत आली, तूर घरांत पडली, कीं पौष-माघांत गांवोगांवीं शंकरपट भरतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे पटाच्या रात्रीं झाडीपट्टीचीं नाटकें रंगतात. आमच्याकडे नाटकाचें तेवढें वेड नाहीं, दिवसाचा पटच मुख्य. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत तळेगाव दशासरचा पट जुना व नामांकित. तेथें स्त्रियांनींही जोड्या हांकल्या आहेत. मोकळ्या शेतांत सरळ पट्टी आखतात, ढेकळें फोडून ती सारखी करतात. जोडीला हलका छकडा जुंपतात. घरची माल वाहणारी बंडी येथें कामाची नाहीं. वळण नाहीं, फेरी नाहीं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच धांव, आणि घड्याळ तिचा हिशेब सेकंदाच्या शतांशापर्यंत ठेवतें.

शहरांतून मोटारीनें येऊन तासभर पाहून जाणाऱ्याला वाटतें कीं, बैल पळतात आणि माणूस नुसता बसून राहतो. दोन बैल कधींही सारखे नसतात. एक सुटतांना तडफदार, तर दुसरा शेवटीं जोर धरणारा. एक गर्दीच्या गलक्यानें फुलतो, दुसरा बुजतो. दोघांचें पहिलें पाऊल एकदम पडलें नाहीं तर जूं तिरपें होतें, छकडा पट्टी सोडतो, आणि कडेला दाटीवाटीनें उभ्या असलेल्या लोकांत तो घुसण्यास निमिषही पुरतें. बूड टेकण्यापुरत्या जागेवर तोल सांभाळीत, एका बैलाच्या कासऱ्याला ढील व दुसऱ्याच्या कासऱ्याला आवर देत, तोंडानें दोघांनाही ओळखीची हांक घालीत जो हें सारें जुळवितो तो धुरकरी. धांव संपल्यावर सुसाट सुटलेली जोडी थांबविणें हें कामही त्याचेंच, आणि तेव्हां टाळ्या वाजविणाऱ्यांचे डोळे पुढच्या जोडीकडे लागलेले असतात.

या धुरकऱ्याचें नांव कोठें असतें? पटाच्या पत्रकावर पुढाऱ्यांचीं छायाचित्रें असतात, बक्षिसें देणाऱ्यांचीं नांवें वडिलांच्या स्मरणार्थासकट असतात. ध्वनिक्षेपकावरून जोडीच्या मालकाचें नांव व गांव, बैलांचीं नांवें आणि वेळ पुकारली जाते. गेल्या माघांत घाटंजीकडील एका पटांत एका तरुणानें बुजऱ्या बैलाला केवळ आवाजानें सरळ ठेवून जोडी अशी कांहीं आणली कीं, आम्ही मुद्दाम मंडपांत जाऊन त्याचें नांव विचारलें. पुकारणारे गृहस्थ सालस होते. ते म्हणाले, “काहून पायजे जी त्याचं नाव? जोडी कोनाची थे सांगतलं ना मी!” त्यांच्या वहींत पाहिलें, तर खरोखरच त्या नांवासाठीं रकाना नव्हता.

त्यांना दोष देत आम्ही घरीं आलों, आणि दिवाणखान्यांतल्या कांचेच्या कपाटासमोर येऊन थबकलों. त्या कपाटांत एक चांदीचा पेला आहे. दारव्ह्याकडील एका पटांत आमच्या आजोबांच्या जोडीनें तो मिळविला. त्यावर आजोबांचें नांव आडनांवासह कोरलें आहे. बैलांचीं नांवें चांद्या आणि तांब्या. हें आजी आम्हां नातवंडांना इतक्यांदा सांगे कीं तीं आम्हांला पाठ आहेत. चांद्याच्या कपाळावरचा टिळा, तांब्याची गुळाची आवड, सगळें ठाऊक आहे. हांकणारा कोण होता, असें आम्हीं एकदां विचारलें होतें. “होता आपला गडी,” एवढेंच आजी म्हणाली, आणि आम्हीं पुढें विचारलें नाहीं. आज सांगणारें कोणी उरलें नाहीं. आजोबा त्या छकड्यावर कधींच चढले नव्हते.

हा प्रकार कांहीं आमच्याच घरचा किंवा आमच्याच देशाचा नव्हे. प्राचीन ग्रीकांच्या ऑलिंपिक उत्सवांत रथाच्या शर्यतीचा मुकुट घोड्यांच्या मालकाला मिळे. स्पार्टाची राजकन्या किनिस्का ख्रिस्तपूर्व 396 व 392 या वर्षीं अशी विजयी ठरली. रथ दुसऱ्यानेंच हांकला, आणि त्याचें नांव इतिहासाला माहीत नाहीं. डेल्फी येथें सांपडलेला सारथ्याचा कांस्य पुतळा जगांतील अप्रतिम शिल्पांत गणला जातो. त्याच्या बैठकीवरील लेखांत पुतळा अर्पण करणाऱ्या धनिकाचें नांव आहे, सारथ्याचें नाहीं. उलट रोमकरांचें पाहा. त्यांचे सारथी बहुधा दास किंवा हलक्या कुळांतले. तरीही गायस अपुलेयस डायोक्लीज या सारथ्याच्या 24 वर्षांच्या कारकीर्दीचा हिशेब तेथें दगडावर कोरून ठेवला गेला : 4,257 शर्यती, 1,462 विजय. रोमकर मोठे दयाळू होते असें कोणी म्हणणार नाहीं. पण सारथ्यांची तुलना करावयाची तर आधीं त्यांची नोंद ठेवावी लागते, एवढी व्यवहारी बुद्धि त्यांना होती. म्हणून दुसऱ्या शतकांतल्या त्या माणसाविषयीं आज वाद घालतां येतो, आणि गेल्या माघांतल्या घाटंजीकडच्या तरुणाविषयीं घालतां येत नाहीं.

आणि आपण तर विदर्भांतले! भारतीय वाङ्मयांतली सर्वांत प्रसिद्ध धांव संपली ती याच भूमींत. राजा ऋतुपर्णाचा रथ एका दिवसांत अयोध्येहून कुंडिनपुरास आणला तो बाहुकानें, म्हणजे रूप पालटलेल्या नळानें. कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीच्या कांठचें कौंडिण्यपूर असें मानतात. आमच्या जिल्ह्याच्या सीमेपासून तें फार दूर नाहीं. रथ नगरांत शिरला तेव्हां स्वागत झालें तें राजाचें. सारथी मुकाट्यानें रथशाळेकडे गेला. एका दमयंतीनें मात्र रथाच्या घोषावरून ओळखलें कीं, असा रथ हांकणारा एकच आहे, आणि तो सारथी कोण हें विचारण्यास तिनें केशिनी दासीला पाठविलें. ही कथा आम्ही शेंकडों वर्षें आख्यानांतून ऐकत आलों. पण आमच्या पटाच्या मंडपांत अजून केशिनीचा प्रवेश झालेला नाहीं.

यावर दोन उत्तरें आम्हांला हमखास मिळतात. पहिलें असें कीं, पळतो बैल, मग धुरकऱ्याला श्रेय कशाचें? हा न्याय लावला तर मोटारींतही पळतें तें यंत्र. मग वर सांगितलेली चौघांची यादीही फाडून टाकली पाहिजे. आणि बैल हें यंत्राहून अवघड वाहन आहे. त्याला भीति वाटते, राग येतो, एखाद्या दिवशीं त्याचें मनच नसतें. दुसरें उत्तर अधिक गंभीर आहे. ज्या खेळांत मुक्या जनावराचे हाल होतात त्याचे वीर कसले मिरवतां, असें आमचे कांहीं विचारी मित्र म्हणतात. हाल होत आले आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. टोंकाला आर लावलेली तुतारी आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे, आणि तिनें काढलेलें रक्तही. 7 मे 2014 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यतींवर बंदी घातली ती निष्कारण नव्हे. पुढें 2017 सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयांत अडली. 16 डिसेंबर 2021 रोजीं तात्पुरती मोकळीक मिळाली, आणि 18 मे 2023 रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ही दुरुस्ती ग्राह्य ठरविली. नियमांनीं तुतारी, चाबूक, काठी यांना मज्जाव केला. या साऱ्या वर्षांत वृत्तपत्रांतून बैलाच्या वेदनेचा विचार झाला, शेतकऱ्याच्या परंपरेचाही झाला. ज्याच्या हातांत तुतारी असते किंवा नसते, त्या माणसाचा झालेला आमच्या वाचनांत आला नाहीं.

आमचें म्हणणें याच ठिकाणीं विचारी मित्रांच्या उपयोगाचें आहे. जोंपर्यंत धुरकरी बिननांवाचा आहे तोंपर्यंत आर टोंचणारा आणि केवळ हांकेवर जोडी आणणारा हे दोघे वहींत सारखेच; दोघांचीही वेळ मालकाच्या नांवावर जमा होते. मालकाला चषक हवा, आणि गड्याला पुढच्या पटाची मजुरी. हातांत कांहीं न घेतां जोडी आणण्यांत त्याला स्वतःचें असें काय मिळणार? नांव लिहिलें गेलें तर ज्यानें नियम मोडला तोही सांपडेल, आणि ज्यानें पाळून जिंकलें तोही. श्रेष्ठ कोण हें ठरवावयाचेंच असेल, तर आमच्या मतें कसोटी हीच : बैलाच्या अंगावर ओरखडा न उमटवितां कोणी किती वेळांत जोडी आणली. ही कसोटी लावण्यासाठीं परदेशांतून कांहीं आणावें लागत नाहीं. परवानगीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे जातोच, वही मंडपांत असतेच, घड्याळही असतें. मालकाच्या नांवाशेजारीं धुरकऱ्याचें नांव व गांव लिहावें, तेंच पुकारावें, आणि बक्षिसांतील त्याचा वांटा आधीं ठरवून पत्रकावर छापावा. पट भरविणाऱ्या मंडळींपैकीं कोणी हें वाचीत असल्यास येत्या माघापासून त्यांनीं एवढें करून पाहावें.

आमच्या वाचकांतही असे पुष्कळ असतील कीं ज्यांच्या घरीं वडिलांच्या किंवा आजोबांच्या पटाचा एखादा पेला, एखादी ढाल किंवा पिवळें पडलेलें छायाचित्र आहे. दारव्हा, नेर, आर्णी, दिग्रस, घाटंजी, वणी, केळापूर या बाजूच्या ज्या कोणाला त्या जोड्या हांकणारांचीं नांवें व गांवें ठाऊक असतील, किंवा घरांतल्या वृद्धांना विचारून कळतील, त्यांनीं तीं या मासिकाकडे लिहून पाठवावीं. जशीं येतील तशीं तीं छापण्याची विनंति आम्हीं संपादकांस केली आहे. दारव्ह्याकडील पटांत चांद्या-तांब्या ही पांढरी व तांबडी जोडी कोणी हांकली, हें सांगणारें कोणी भेटल्यास आम्ही त्यांचे विशेष आभारी होऊं. पेल्यावर आजोबांच्या नांवाखालीं एका ओळीची जागा रिकामी आहे.