अर्ध्यावर सोडणाऱ्यांचा हिशेब

महाभारतातला द्यूताचा प्रसंग सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण त्यातली एक गोष्ट आपण विसरतो. पहिल्या वेळी हरलेलं सगळं धृतराष्ट्राने परत दिलं होतं, पांडव घरी निघालेही होते. पुन्हा बोलावणं आलं आणि धर्मराज पुन्हा फाशांपाशी जाऊन बसले! जुगाराचं व्यसन म्हणजे काय, ते या दुसऱ्या डावात कळतं.

आज हा आजार मानला जातो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानग्रंथात त्याला दारू-ड्रग्जच्याच प्रकरणात घेतलं. समुपदेशनाने फरकही पडतो. पण घोडं पेंड खातं ते पुढेच. २०२१ मधल्या एका आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा समोरासमोरचे मानसोपचार घेणाऱ्या शंभरातले सुमारे ३९ जण ते अर्ध्यावर सोडतात असं दिसलं.

आता आमच्या कॉम्प्युटर ब्रँचची मंडळी म्हणणार, "त्यात काय, मशीन लर्निंग लावू!" वय, कर्ज, दारू, नैराश्य, चुकवलेल्या भेटी एवढा डेटा दिला की कोण सोडून जाईल ते मॉडेल सांगेल. कल्पना चांगलीच आहे. पण जरा थांबा. शंभरात ३९ जात असतील, तर "कोणीच जाणार नाही" एवढंच म्हणणारं मॉडेलही ६१ टक्के अचूक ठरतं! तेव्हा अचूकतेचा आकडा व्हायव्हात फेकून भागणार नाही. जे गेले त्यांतले किती आधी ओळखले, ते विचारायला हवं.

दुसरं म्हणजे, गेलेला माणूस शेवटचा फॉर्म भरत नाही. बरं वाटलं म्हणून गेला, रजा मिळेना म्हणून गेला, की पुन्हा हरल्यावर तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून? डेटात फक्त रिकामा रकाना. मॉडेल फार तर 'कोण' ते सांगेल. 'का' ते विचारायला माणूसच लागतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: असं मॉडेल जरूर बनवावं, पण त्याचं उत्तर आलं की फोन उचलून विचारपूस करावी. "हा टिकणार नाही, त्याची जागा दुसऱ्याला द्या" असा उपयोग झाला, तर ज्याला जास्त गरज त्याच्याच तोंडावर दार बंद होईल. मग भाकीत खरं ठरणारच की!

हे सगळं आपल्यापासून लांब नाही, बरं का. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. पण कायद्याने ओढ जात नाही. मेसचं बिल थकलेलं, उधारी वाढलेली, मॅच असली की खोलीचं दार बंद... होस्टेलवर या खुणा ओळखायला अल्गोरिदम कशाला हवा? अशा मित्राला टोमणे मारू नका, उसने पैसे देऊन मोकळेही होऊ नका. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. रेक्टर सरांनी तो नोटीस बोर्डावर लावावा, ही विनंती.

पहिल्या भेटीला सोबत कोणीही जातं. चौथ्या भेटीच्या दिवशी "चल रे, आवर लवकर" म्हणणारा एक जण प्रत्येक विंगमध्ये हवा.